बेल्टच्या पेटीत पाणी शिरले तर...

कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाडला पुराचे नावीन्य नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील या गावासमोर, पंचगंगेच्या पलीकडे नृसिंहवाडी आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी दत्त मंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजाने बाहेर पडते, तेव्हा तेथे दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविकांची स्नानासाठी रीघ लागते. मात्र, पाणी त्याहून वर चढू लागले की काठावरच्या गल्ल्यांतून वेगळीच लगबग सुरू होते. धान्य, जनावरे, अंथरूण-पांघरूण यांच्याबरोबर आता आणखी एक वस्तू उंचावर हलवावी लागते. ती म्हणजे दारातील दुचाकी.

ही दुचाकी बहुतेक घरांत गिअर नसलेली स्कूटर असते. कोल्हापूर, सांगली परिसरात तिला सर्रास 'मोपेड' म्हटले जाते. जयसिंगपूरची बाजारपेठ, इचलकरंजीतील नोकरी, मुलांची शाळा, दुधाचा रतीब अशी सारी कामे तिच्यावर अवलंबून असतात. सन २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत अशी असंख्य वाहने पाण्यात राहिली. पूर ओसरल्यावर त्यांपैकी काही थोड्या खर्चात पूर्ववत झाली, तर काही कायमची दुखणाईत झाली. हा फरक नेहमी पाण्याच्या उंचीमुळेच पडतो असे नाही. पाणी उतरल्यावर पहिल्या तासाभरात मालकाने काय केले आणि काय करण्याचे टाळले, यावरही तो ठरतो. इंजिनात पाणी जाऊ नये हे आता अनेकांना माहीत आहे. डाव्या बाजूच्या लांबट कव्हरखाली दडलेल्या बेल्टच्या पेटीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

पेटीत असते तरी काय?

गिअरच्या मोटारसायकलमध्ये इंजिनाची शक्ती दातेरी चाके आणि साखळी यांच्यामार्फत मागील चाकाकडे जाते. गिअरलेस स्कूटरमध्ये हे काम रबरी बेल्ट करतो. या बेल्टचा छेद इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा असून आत मजबूत धाग्यांचा गाभा असतो. पुढे इंजिनाच्या दांड्यावर एक पुली आणि मागे चाकाजवळ दुसरी पुली, अशी ही रचना असते. प्रत्येक पुली दोन तबकड्यांची बनलेली असते. तबकड्या जवळ आल्या की बेल्ट वर चढतो, दूर गेल्या की खाली उतरतो.

पुढील पुलीत छोटे वजनदार रोलर असतात. या भागाला व्हेरिएटर म्हणतात. इंजिनाचे फेरे वाढले की रोलर बाहेरच्या बाजूस सरकून तबकडीला रेटतात. त्यामुळे पुढचा बेल्ट वर चढतो आणि मागील पुली स्प्रिंगचा दाब झुगारून उघडते. अशा रीतीने चालकाने काहीही न करता गिअर बदलत जातो. मागील पुलीला जोडलेला क्लच ठरावीक वेगानंतर आपल्या पट्ट्या बाहेर फेकून भोवतालच्या वाटीला पकडतो आणि चाक फिरू लागते.

या पद्धतीचा इतिहास जुना आहे. नेदरलँड्समधील हब व्हान डोर्न यांनी बेल्टवर चालणारी अशी यंत्रणा १९५८ साली डाफ कंपनीच्या छोट्या मोटारीत आणली. भारतीय रस्त्यांवर ती १९८४ मध्ये कायनेटिक होंडा स्कूटरच्या रूपाने रुळली आणि २००१ नंतर होंडा ॲक्टिव्हामुळे घरोघरी पोहोचली. समुद्रकिनाऱ्यांवर आणि थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फेरी मारण्यासाठी ठेवलेल्या चारचाकी ए.टी.व्ही. वाहनांतही बहुधा हीच यंत्रणा असते. आकार आणि ताकद वेगळी असली, तरी तत्त्व एकच आहे.

हवेची वाट, तीच पाण्याची वाट

इंजिनातील भाग तेलात बुडालेले असतात. बेल्टची पेटी मात्र पूर्णपणे कोरडी असते आणि कोरडी राहणे हीच तिची गरज आहे. बेल्टला दाते नसल्यासारखेच असतात. आतील बाजूस दिसणाऱ्या खाचा केवळ तो सहज वळावा यासाठी असतात. सारी शक्ती बेल्टच्या तिरक्या कडा आणि पुलीचा धातू यांच्या घर्षणातूनच पुढे जाते. घर्षण आले म्हणजे उष्णता आली. ही उष्णता बाहेर टाकली नाही, तर रबर लवकर कडक होते आणि त्याला भेगा पडतात. म्हणून पुढील पुलीला पंख्यासारखी पाती दिलेली असतात. ती बाहेरची हवा गाळणीतून किंवा नळीतून आत ओढतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर सोडतात.

याचा सरळ अर्थ असा, की ही पेटी हवाबंद नाही आणि ती तशी करताही येत नाही. हवा ज्या वाटेने आत येते, त्याच वाटेने पाणीही येते. दहा इंची चाकाच्या स्कूटरचा मागील आस जमिनीपासून जेमतेम २० ते २२ सेंटिमीटर उंच असतो आणि पेटीचा मागील तळ त्याच्याही खाली जातो. म्हणजे घोट्याच्या वर, पोटरीपर्यंत आलेले पाणी पेटीच्या तळाला लागण्यास पुरेसे असते. पाण्यातून वेगाने गाडी नेल्यास उडालेले फवारे त्याहून वर, थेट हवेच्या तोंडाशी पोहोचतात. गाडी धुताना दाबाच्या पाण्याचा झोत या तोंडावर धरला तरी तोच परिणाम होतो. त्यासाठी पूर यावा लागत नाही.

लक्षणे कशी ओळखावीत?

पेटीत पाणी गेल्याची पहिली खूण म्हणजे बेल्ट घसरणे. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे जात नाही किंवा अडखळत जाते. पुली आणि बेल्ट यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर बसल्याने पकड सुटते. क्लचच्या पट्ट्या भिजल्या असतील तरीही असेच घडते.

अशा वेळी चालक घाबरून आणखी जोर देतात. नेमके तेच घातक असते. घसरणाऱ्या बेल्टवर भार टाकला की तो एकाच जागी घासला जाऊन तापतो. पाणी उडून जाते, परंतु बेल्टच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि जळक्या रबराचा वास येतो. असा बेल्ट पुढे कोरडा झाला तरी पूर्वीसारखी पकड घेत नाही.

दुसरे लक्षण उशिरा दिसते. ओली गाडी रात्रभर तशीच उभी राहिली, तर क्लचच्या वाटीवर आणि पुलीच्या उघड्या धातूवर गंज धरतो. सकाळी गाडी जागेवरून हलताना थरथरते, धक्के देते. गंज थोडा असेल तर तो चालवण्यात निघून जातो. जास्त असेल तर बेल्टच्या कडा कुरतडतो.

गाडी केवळ भिजली असेल तर

साचलेल्या पाण्यातून जाताना बेल्ट घसरू लागला, परंतु इंजिन बंद पडलेले नाही, अशी स्थिती असेल तर उपाय सोपा आहे. प्रथम गाडी कोरड्या, सपाट जागी आणून मुख्य स्टँडवर उभी करावी. मागील चाक जमिनीपासून सुटलेले आहे आणि आसपास मुले, साडीचा पदर किंवा ओढणी नाही याची खात्री करावी. त्यानंतर ॲक्सिलरेटर हळूहळू थोडा वाढवावा, सोडावा, पुन्हा वाढवावा. दहा-पंधरा सेकंदांच्या अशा काही फेऱ्यांत पुलीचा पंखा आतील पाणी आणि दमट हवा बाहेर फेकतो. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरू नये. चाकावर भार नसताना इंजिनाला अतिवेग देणे हितावह नसते.

ए.टी.व्ही. वाहनांच्या पुस्तिकांतही याच धर्तीचा सल्ला असतो. त्यांच्या बेल्टच्या पेटीला तळाशी पाणी सोडण्याचे बूच असते. ते काढून, गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाचा वेग कमी-जास्त करावयाचा, मग सर्वांत कमी वेगाच्या गिअरमध्ये गाडी सावकाश चालवून बेल्ट घसरत नाही ना हे पाहावयाचे, असा तो क्रम आहे. चिखलपाण्यात चालण्यासाठीच बनवलेल्या या वाहनांना हवेच्या नळ्याही उंचावर दिलेल्या असतात. शहरी स्कूटरला न्यूट्रलचा दांडा नसतो आणि असे सोयीचे बूचही बहुधा नसते. म्हणून तिच्यासाठी मुख्य स्टँड हाच न्यूट्रल होय.

त्यानंतर काही अंतर कमी वेगाने, कोणालाही मागे न बसवता गाडी चालवावी. पुलीच्या सौम्य उष्णतेने उरलेला ओलावा निघून जातो. ब्रेकही भिजलेले असतात, म्हणून वेग घेण्यापूर्वी ते हलकेच दोन-चार वेळा दाबून पाहावेत. एवढे करूनही बेल्ट घसरत राहिला, तर पुढे न जाता कव्हर उघडून घ्यावे.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर

कुरुंदवाडचा प्रश्न मात्र बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचा आहे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि रस्ते बुडाले. तो पूर झपाट्याने आला होता. शिरोळ तालुक्यातील पुराची रीत वेगळी आहे. संगमाशी कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते मागे सरते, पसरते आणि कित्येक दिवस तसेच उभे राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती आणि तालुक्यातील अनेक गावांना पाण्याने वेढले होते. अशा वेळी पाण्याबरोबर बारीक गाळ येतो. पाणी संथ झाले की हा गाळ तळाशी बसतो आणि पेटीच्या प्रत्येक खाचेत भरून राहतो.

अशी गाडी हाती आल्यावर स्टार्टरचे बटण दाबून पाहण्याचा मोह सर्वांत आधी आवरला पाहिजे. इंजिनाच्या नळकांड्यात पाणी असेल, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. दट्ट्या त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. दुसरीकडे, इंजिन सुदैवाने सुरू झालेच तर गाळाने माखलेला बेल्ट पुलीवर फिरू लागतो आणि सॅंडपेपरप्रमाणे पुलीचा धातू घासतो. थोड्या खर्चाचे काम त्यामुळे काही हजारांवर जाते.

योग्य क्रम पुढीलप्रमाणे आहे.

१. चावी फिरवू नये. बॅटरीची ऋण बाजूची वायर काढून ठेवावी.

२. गाडीला हात लावण्यापूर्वी, पाण्याची खूण दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत आणि विमा कंपनीला कळवावे. कायद्याने बंधनकारक असलेल्या केवळ 'थर्ड पार्टी' विम्यात पुराची भरपाई मिळत नाही. ती स्वतःच्या वाहनाचे नुकसान धरणाऱ्या विम्यात मिळते. मात्र, पाण्यात राहिलेले इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्यामुळे झालेल्या हानीबाबत विमा कंपन्या हरकत घेऊ शकतात. बटण न दाबण्याचे हे आणखी एक कारण.

३. गाळ ओला असतानाच, दाब नसलेल्या स्वच्छ पाण्याने गाडी धुवावी. वाळलेला गाळ सिमेंटसारखा घट्ट होतो.

४. गाडी ढकलत किंवा टेम्पोतून दुरुस्तीसाठी न्यावी. इंजिनाचा प्लग काढून आतील पाणी बाहेर काढावे. ऑइल चहासारखे दुधाळ झाले असेल तर ते बदलावे, इंजिन थोडा वेळ चालवून पुन्हा एकदा बदलावे.

५. इंजिन सुरू करण्याआधीच डाव्या बाजूचे कव्हर उघडून बेल्टची पेटी साफ करावी.

पेटी उघडल्यावर

कव्हर उघडल्यावर प्रथम बेल्टकडे पाहावे. गाळाने माखलेला, कडा चमकदार झालेला, भेगा पडलेला किंवा धागे सुटलेला बेल्ट पुन्हा बसवू नये. पुस्तिकेत बेल्टच्या रुंदीची किमान मर्यादा दिलेली असते. त्याहून तो अरुंद झाला असेल तर वरून चांगला दिसला तरी बाद समजावा. बेल्टने आपले निम्म्याहून अधिक आयुष्य आधीच संपवले असेल, तर या निमित्ताने तो बदलणेच शहाणपणाचे ठरते. पेटी पुन्हा उघडण्याची मजुरी त्यामुळे वाचते.

बेल्ट वापरण्याजोगा असेल तर तो साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलने तो पुसू नये, कारण रबर फुगते आणि मऊ पडते. घसरण थांबावी म्हणून पावडर किंवा राळ लावण्याचा उपाय तर कधीच करू नये. पुलीच्या तबकड्यांवरील गंज बारीक घासकागदाने काढून त्या स्वच्छ, कोरड्या फडक्याने पुसाव्यात. या पृष्ठभागावर तेलाचा किंवा ग्रीसचा ठिपकाही राहता कामा नये.

व्हेरिएटरमधील रोलर बाहेर काढून तपासावेत. एका बाजूने चपटे झालेले रोलर अडकतात आणि गाडीचा वेग खुंटतो. मागील पुलीच्या आत, तिची तबकडी ज्या खुंट्यांवर सरकते तेथे ग्रीस असते. पुराच्या पाण्यात ते धुऊन जाते किंवा गाळात मिसळते. जुने ग्रीस पूर्ण काढून, कंपनीने सांगितलेले नवे ग्रीस मोजकेच भरावे. ते जास्त झाले तर फेकले जाऊन बेल्टवर उडते. बेअरिंग हाताने फिरवून पाहावेत. खरखर जाणवली तर ते बदलावेत. किकचे दातेही अनेक गाड्यांत याच कव्हरमध्ये असतात. तेही साफ करून घ्यावेत.

या पेटीला लागून मागील बाजूस गिअर ऑइलचा छोटा कप्पा असतो. त्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर एवढेच ऑइल असते आणि हवा खेळती राहण्यासाठी एक बारीक नळी असते. चालवून तापलेली गाडी एकाएकी पाण्यात गेली, तर कप्प्यातील हवा थंड होऊन आकसते आणि त्या नळीवाटे पाणी आत ओढले जाते. म्हणून बुडालेल्या गाडीचे गिअर ऑइल न तपासता थेट बदलावे. त्याचा खर्च अल्प असतो. खराब झालेल्या गिअरचा तसा नसतो.

पेटी पुन्हा जोडताना एक चूक वारंवार होते. पुढील पुलीचा नट आवळताना बेल्ट दोन तबकड्यांच्या मध्ये चिमटला गेला, तर नट घट्ट झाल्याचा भास होतो. गाडी चालू लागली की बेल्ट जागेवर जातो, नट सैल पडतो आणि दांड्याचे दाते खराब होतात. हे टाळण्यासाठी प्रथम मागील पुली उघडून बेल्ट तिच्यात खोलवर दाबावा. पुढे पुरेसा ढिलेपणा आला की मग नट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापापर्यंत आवळावा. हवेच्या तोंडावरील फोमची गाळणी धुऊन वाळवावी किंवा बदलावी आणि बाहेर जाणारी छिद्रे मोकळी आहेत हे पाहूनच कव्हर बंद करावे.

पाणी येण्यापूर्वी

सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे गाडी वेळेवर हलवणे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या या पातळ्या अनुक्रमे ४० आणि ४५ फूट आहेत. कुरुंदवाड या दोन्ही ठिकाणांच्या खाली, दोन्ही नद्या एकत्र येतात तेथे आहे. त्यामुळे केवळ कोल्हापूरचा आकडा पाहून निश्चिंत होणे योग्य नव्हे. दोन्ही आकडे चढत असतील तर गाडी त्याच दिवशी उंच भागात नेऊन ठेवावी. घरातील माणसांना हलवण्याची वेळ येईपर्यंत गाडीसाठी रस्ता उरलेला नसतो.

हवेचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीने बांधून ठेवण्याची युक्ती काही जण करतात. पाणी साचून राहिले तर ते इतर फटींतून आत येतेच. शिवाय नंतर पिशवी काढायचे विसरले, तर हवेअभावी बेल्ट तापून खराब होतो. वाहत्या पाण्यात गाडी घालण्याचे धाडस तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. तेथे प्रश्न बेल्टचा उरत नाही, जिवाचा असतो.

पूर ओसरल्यावर साऱ्या गावाच्या गाड्या एकाच वेळी मेकॅनिकच्या दारात येतात. ज्याच्या हाताला काम गाडीमुळेच मिळते, त्याला ते चार-आठ दिवस फार लांब वाटतात. घरातील कोणीतरी 'एकदा बटण दाबून तर बघू' असे म्हणते, ते याच अगतिकतेतून. तथापि बुडालेली आणि धीराने उघडून साफ केलेली गाडी पुढे अनेक वर्षे चालू शकते. त्या एका बटणाने बिघडलेली गाडी मात्र पुराच्या नुकसानीत मालकाच्या हातून पडलेली भर ठरते.